पायावरचा भाव

मोटारवाल्याच्या दुकानापुढे सकाळीच भांडण जुंपलं, आणि गंमत अशी की दोन्ही गिऱ्हाइकं एकाच बाजूनं भांडत होती.

विजेनं खेळ केला आणि बागाईतदाराची अन् शेळीवाल्या आत्याची, दोघांच्याही विहिरीवरची मोटार एकाच आठवड्यात जळली. दोन्ही तीन हॉर्सपॉवरच्या. मोटारवाल्यानं दोन्हींत नवी तार भरून दिली. न्यायला आलेली ही दोघं बाकड्यावर बसली आणि बसल्या बसल्या भाव पडताळून मोकळी झाली. बागाईतदाराला सांगितले होते अठ्ठावीसशे, आत्याला पंधराशे.

बागाईतदार तापला ते समजण्यासारखं होतं. पण आत्या त्याच्या दुप्पट तापली.

मोटारवाल्याची एक पद्धत होती. भाव सांगायच्या आधी तो खाली बघायचा. बूट दिसले की आकडा चढायचा, अंगठा तुटलेली चप्पल दिसली की उतरायचा. आत्या तर अनवाणीच यायची. याला तो मनातल्या मनात धर्म म्हणायचा. खरं म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून पैसे मागायची त्याच्यात धमक नव्हती. नजर खाली गेलीच आहे तर पाय तरी बघू, एवढंच.

“माझ्या पायावरून भाव केलास?” आत्या म्हणाली. “लेका, चिखलात शेळ्यांमागं बूट घालून फिरू? बारा शेळ्या विकून ती मोटार घेतलीय मी.”

“आत्या, तुमचे तर कमीच लावले.”

“मी म्हटलं होतं कमी लाव? न मागता देतात त्याला दान म्हणतात. दान मागायला आले होते का तुझ्या दारात?”

बागाईतदारानं संधी साधली. मलाही पंधराशेच लाव, नाहीतर इथून पुढं माझ्या चारही मोटारी बाजारगावी जातील, असं त्यानं बजावलं. मोटारवाल्याचं उन्हाळ्यातलं निम्मं काम त्या चार मोटारींचं. तो पंधराशे म्हणणारच होता, तेवढ्यात बायको खडू घेऊन आतून आली. घर चालवता चालवता तिच्या नाकी नऊ आले होते. खरा खर्च काय येतो ते एकदा सगळ्यांदेखत होऊनच जाऊ दे, म्हणाली, आणि दुकानाच्या पत्र्यावर लिहायला लागली.

तांब्याची तार, कागद, वॉर्निश. जळकं तांबं भंगारात जातं ते वजा. इथवर मोटारवाला भराभर सांगत होता. भाडं तिनंच आठवून दिलं, विजेचं बिलही.

“आणि मजुरी?”

“मजुरी कसली? मीच तर करतो.”

बायकोचा खडू थांबला. “तुम्ही काय दुकानाचे घरजावई आहात, फुकट राबायला?”

आत्या हसली. बागाईतदारही हसला, पण तेवढ्यात पत्र्यावर बेरीज उतरली. बत्तीसशे. म्हणजे लुटलं लुटलं म्हणून जो ओरडत होता, त्याच्या मोटारीतही मजुरीतले चारशे बुडाले होते. आत्याच्या मोटारीत तर मजुरी गेलीच, वर तांबंही घरचं गेलं होतं.

मोटारवाल्यानं मान वर केली. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच दिसलं, की बागाईतदाराच्या भुवईत चांगली वाटाण्याएवढी चामखीळ आहे. तिच्यावर नजर रोवून तो म्हणाला, “सांगितलं ते सांगितलं. आज अठ्ठावीसशेच द्या. पुढच्या मोटारीला बत्तीसशे. कुणाचीही असो.”

बागाईतदारानं पैसे बाकड्यावर टाकले, मोटार गाडीत चढवली आणि उरलेल्या तिन्ही बाजारगावी नेणार असं जाता जाता सांगून गेला. नेणारही होता, त्यातलाच होता तो. मोटारवाल्यानं ती गाडी वळणापर्यंत बघितली. पण आकडा काही त्यानं गिळला नाही.

आत्यानं कमरेची पिशवी सोडली. “माझेही अठ्ठावीसशेच धर. त्याच्याहून रुपया कमी नको.” त्यानं हात पुढे केला तशी तिनं पिशवी मागे घेतली. “हं. आता सांग, कमी किती करतोस?”

“आत्ताच तर म्हणालात...”

“मघाशी तू देत होतास. आता मी मागतेय.”

“अठ्ठावीसशे.”

“सव्वीसशे.”

“अठ्ठावीसशे, आत्या.”

तिनं शेळ्यांच्या शपथा घातल्या, त्याच्या मेलेल्या बापाचा दिलदारपणा काढला, एकदा उठून रस्त्यापर्यंत जाऊनही आली. तो तिच्या डोळ्यांत बघत तेच तेच सांगत राहिला. शेवटी तिनं नोटा थुंकी लावून एकेक मोजल्या आणि त्याच्या हातावर आपटल्या.

“दगड आहेस मेल्या नुसता,” ती समाधानानं म्हणाली. “बहिणीचीही मोटार कुरकुरतेय. उद्या घेऊन येते.”