मशीनच्या माथी

वाचणार नाही असं वचन मी मुलांना दिलं होतं, आणि ते अगदी तंतोतंत पाळलं. तिथेच सगळा घोळ झाला.

मी ग्रेसी तुस्कानो. माहेर-सासर दोन्ही वसईचं, गेली बारा वर्षं शारजातल्या एका इंडियन शाळेत इंग्लिश शिकवते, आणि यंदा चौथी 'ब'ची क्लास टीचर आहे. मी तापट आहे, हे माझा नवरा फ्रान्सिस सांगेल आणि चौथीतलं पोरन्पोरही सांगेल. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेने एआय आणलं. टॅब्लेट, हेडफोन, आणि त्यात एक गोड आवाजाची बाई. मुलांनी रोज दहा मिनिटं तिला आपला दिवस सांगायचा, तिने मध्येमध्ये प्रश्न विचारायचे, आणि शेवटी मुलाच्याच वाक्यांचा एक नीटनेटका पॅराग्राफ करून द्यायचा. तीन टीचरनी प्रयोग करून बघायचा होता. आमच्या सुपरवायझर शहनाझ मॅडमनी मला न विचारता माझं नाव घातलं. मी म्हटलं, मला माझा फोन धड वापरता येत नाही. त्या म्हणाल्या, हो जाएगा, इन्शाल्ला. म्हणजे खलास, विषय संपला.

पहिल्या दिवशी पोरं हेडफोन लावून ढिम्म बसली. मिस कान देऊन बसल्यावर बोलणार कोण? शेवटी मिहिकाने हात वर केला. नऊ वर्षांची, वर्गातली सगळ्यात शांत मुलगी. घरी आईबाप मराठी बोलतात, हिचं उत्तर इंग्लिशमध्ये. मला विचारते, "मिस, विल यू रीड इट?" मी म्हटलं, नाही गं, हे तुझं आणि तिचं. मी वाचणार नाही आणि दुसरंही कोणी वाचणार नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला तसंच सांगितलं होतं, मुलांना मोकळं वाटू द्या म्हणून. मीही शहाणी, खातरजमा केली नाही.

पण पोरं बोलायला लागली, हे मात्र खरं. ज्यांच्या तोंडून एक वाक्य काढायला मला नाकीनऊ यायचे, ती त्या बाईशी घडाघडा बोलत होती. मला कौतुक वाटायचं. पोरांचं थोडं आणि स्वतःचं जास्त.

शारजात शुक्रवार ते रविवार सुट्टी. दर गुरुवारी शाळा सुटायच्या आत पालकांना आठवड्याचा रिपोर्ट गेला पाहिजे, असा नियम. माझी समजूत अशी की त्यात नुसते आकडे असतात: किती वाक्यं, किती चुका, किती नवीन शब्द. एकतीस रिपोर्ट होते आणि खाली एकच बटण होतं, 'सगळे पाठवा'. मी दाबलं आणि पर्स उचलून घरी गेले. आकड्यांच्या खाली आठवड्यातला सर्वोत्तम पॅराग्राफ जोडलेला असतो, हे बघायला स्क्रीन बोटभर वर सरकवावी लागली असती. मी तेवढंही केलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मिहिकाच्या वडिलांचा, उपेंद्रचा फोन आला. अत्यंत सभ्य माणूस, ॲन्युअल डेला खुर्च्या लावायला सगळ्यात आधी पुढे येणारा. आवाज इतका खाली की मला आधी वाटलं लाइन खराब आहे. म्हणाले, मिस, तुम्ही तो पॅराग्राफ वाचलात का? मी नाही म्हटलं. आधी वाचा, मी लाइनवर थांबतो, म्हणाले.

मी तिथेच स्टाफरूममध्ये टॅब्लेट उघडून वाचला. मिहिकाने सांगितलं होतं की तिचे पप्पा रोज टाय लावून निघतात, पण आता त्यांना ऑफिसच नाही. ते शाळेजवळच्या इंडस्ट्रियल एरियात एका वेअरहाउसच्या सावलीत गाडी लावून बसतात आणि मम्मीने दिलेला डबा तिथेच खातात. एकदा शाळा लवकर सुटली तेव्हा ते पाच मिनिटांत घ्यायला आले. मागच्या सीटवर उशी होती, म्हणून तिने विचारलं, तेव्हा तिला कळलं. हे फक्त पप्पांना आणि तिला माहीत आहे, मम्मीला कळलं तर मम्मी आजारी पडेल. म्हणून ती रोज संध्याकाळी मम्मीसमोर पप्पांना विचारते, ऑफिस कसं होतं. खाली मशीनने शेरा दिला होता, तपशिलांचा उत्तम वापर, आणि तीन स्टार.

देवा रे. अंगात बळ असतं तर तो टॅब्लेट मी भिंतीवर आपटला असता, पण राग मशीनवर काढून उपयोग काय होता? पोरीला शब्द मी दिला होता, आणि बटणही मीच दाबलं होतं.

रिपोर्ट अर्चनालाही गेला होता, मिहिकाच्या आईला. तिने वाचलाय की नाही, हे उपेंद्रला कळत नव्हतं, कारण दोन दिवस ती घरात काहीच बोलली नव्हती. फक्त मंगळवारची, शाळा सुटल्यानंतरची, माझी वेळ तिने मागून घेतली होती. उपेंद्रने मला एकच विनंती केली. अर्चनाने विचारलं, तर हे मशीनने मनानं रचलं असं सांगा. दोन इंटरव्ह्यू झालेत, महिनाभरात काहीतरी होईल, मग मीच तिला सांगेन. "आणि मिस, मिहिकाला वाटतंय तिने मला फसवलं. शनिवारी मी तिला रिपोर्टबद्दल विचारलं, तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाहीये. तुम्ही मशीनचं नाव घेतलंत तर ती तरी सुटेल."

मी शहनाझ मॅडमकडे गेले. म्हटलं, चूक माझी आहे, पालकांची माफी मागते. त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं आणि हाच प्रयोग दाखवायचा होता. त्यांनी मला समजावलं की ही मशिनं मनाचं लिहितात हे आता सगळ्या जगाला ठाऊक आहे, कोणीही विश्वास ठेवेल. तुझं नाव यायला नको, शाळेचंही नको, आणि त्या घरातही शांतता राहील. बाई वाईट नाहीत. मला त्यांचं पटलं, हीच लाजेची गोष्ट.

मंगळवारी अर्चना आली. कॉटनचा कुर्ता, खांद्याला लॅपटॉपची बॅग, चेहरा अगदी नेहमीसारखा. मी मिहिकाला हेडफोन मोजून शेजारच्या खोलीतल्या कपाटात ठेवायला पाठवलं. अर्चना मुलांच्या बुटक्या बाकावर बसली, फोनवर तो रिपोर्ट काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मिस, एवढंच सांगा. हे मिहिकाने सांगितलं की तुमच्या मशीनने लिहिलं?"

मी म्हटलं, मशीनने. असं होतं कधीकधी, मुलं दोन शब्द बोलतात आणि ते दहा जोडतं, आम्ही कंपनीला कळवलंय. वर सॉरीही म्हटलं. इतकं सफाईदार बोलले की माझी मलाच शिसारी आली.

अर्चनाने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं, सुटलो सगळे. मग ती बोलायला लागली.

"नोकरी गेलीय हे खरं आहे, मिस. मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं. दुबईला मीना बाजारात ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते, तिथे त्याच्या ऑफिसातल्या एकाची बायको भेटली. तो टाय लावून निघतो, मी डबा भरून देते. स्वतःहून सांगेपर्यंत मी विचारणार नाही असं ठरवलंय, तेवढा तरी मान राहू दे त्याचा. मला भीती फक्त हिची होती. हिला कळलंय की काय, एवढीशी पोर हे पोटात घेऊन फिरतेय की काय, या विचाराने दोन दिवस झोप नाही. पण मशीनने लिहिलं ना? मग झालं. तिला काही माहीत नाही. देवच पावला."

तिने डोळे पुसले. मशीनला नोकरीचं कुठून कळलं असेल, हा साधा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. तिला माझं म्हणणं खरं हवं होतं.

मिहिका परत आली. अर्चना हसून म्हणाली, "चल गं. कॉम्प्युटरने तुझ्या पप्पांबद्दल काहीबाही लिहिलं होतं. मिसने सांगितलं, सगळं खोटं आहे."

मिहिकाने माझ्याकडे बघितलं. आईने बॅग उचलेपर्यंत ती माझ्या टेबलाजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "थँक यू, मिस."

नऊ वर्षांच्या पोरीने माझ्या खोटेपणाबद्दल माझे आभार मानले. आता ही घरी जाणार, पुन्हा तेच नाटक करणार, आणि आई निर्धास्त राहणार, माझ्या भरवशावर. त्या दोघी दारापर्यंत गेल्या होत्या.

"अर्चना, थांबा," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. ते हिनेच सांगितलंय, एकेक शब्द. हिला सगळं माहीत आहे."

शहनाझ मॅडम, इन्स्पेक्शन, माझी नोकरी, त्या क्षणी काहीच आठवलं नाही. अर्चनाची बॅग खांद्यावरून घसरली. मिहिकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "यू प्रॉमिस्ड, मिस," ती म्हणाली. मी मान खाली घातली. हो, मी शब्द मोडला होता, आणि आता दुसऱ्यांदा.

अर्चना गुडघ्यांवर बसली आणि तिला जवळ ओढायला लागली. "मम्मीला माहीत आहे, बाळा. मला कधीपासून माहीत आहे. तू काही केलं नाहीस. तू कुणाला फसवलं नाहीस."

मिहिका जवळ गेली नाही. ती आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत आईकडे. हिशोब जुळत नसला की गणिताच्या तासाला तिच्या कपाळावर येते तशी बारीक आठी आली होती.

"सो एव्हरीबडी न्यू," ती म्हणाली. "अँड नोबडी टोल्ड मी."