नवा कॅमेरा सासूकडे

हिसानो उशिजिमाने त्रेसष्टाव्या वर्षी नवा मिररलेस कॅमेरा घेतला, आणि जपानातल्या हामादा बंदरामागच्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्या गल्लीतला फोटो स्टुडिओ तिच्या सासऱ्यांनी काढलेला, नवऱ्याने वाढवलेला आणि नवरा गेल्यावर तिने एकटीने तगवलेला. गावच्या प्राथमिक शाळेच्या सहली, क्रीडादिन, सहावीच्या मुलांचा निरोपाचा अल्बम, सगळं तिच्याच हातचं.

"म्हातारपणी हौस बघा," मासळीच्या दुकानातली बाई म्हणाली. "आणि नवा आपल्याकडे ठेवला. जुनं धूड सुनेच्या गळ्यात!"

ते सून चिहारूच्याही कानावर आलं. ती हसली, पण ते तिला लागलं. तिचा नवरा शुन्पेइ मालवाहू जहाजावर होता, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात या दोघीच. चिहारू लग्नाआधी मच्छीमारांच्या सोसायटीत कारकून होती. कॅमेरा धरायला तिला हिसानोने शिकवलं, बारा वर्षांपूर्वीच्या, शिकाऊ लोकांसाठी निघालेल्या साध्या डीएसएलआरवर. आता काम तिच्या हातात बसलं होतं आणि तो कॅमेरा तिला पुरत नव्हता. शाळेच्या जिममध्ये उजेड कमी पडला की फोटोत रवाळ दाणे यायचे. बटण दाबलं की आतला आरसा 'खटक्' करून उचलायचा आणि भाषण देणारे मुख्याध्यापकसुद्धा वळून बघायचे.

"आई, एक दिवस मला नवा द्या ना," तिने एकदा मागून पाहिलं. "क्रीडादिनापुरता. पळणारी पोरं याच्यात नीट सापडत नाहीत."

"मी याच कॅमेऱ्यावर सात क्रीडादिन काढले," हिसानो एकदम तुटकपणे म्हणाली. "सापडत नाहीत म्हणे! पोरांना आपण शोधायचं असतं, कॅमेऱ्याने नाही."

त्या रात्रीचं जेवण न बोलता झालं.

हिसानोला आपण काय बोललो ते कळत होतं. पण खरं सांगण्यापेक्षा खाष्ट सासू म्हणवून घेणं तिला सोपं वाटत होतं.

खरं असं होतं, की गेल्या वसंतात एका सकाळी तिला न्हाणीघरातल्या फरशांच्या रेषा मध्येच वाकलेल्या दिसल्या. डावा डोळा तिचा लहानपणापासूनच मंद, त्याच्यावर तिची कधीच भिस्त नव्हती. चाळीस वर्षं कॅमेऱ्याला लावला तो उजवा. त्या उजव्यात नजरेच्या अगदी मधोमध धुरकट डाग बसला होता. कडेकडेचं सगळं दिसे, पण जिथे बघावं तिथेच काही नसे. वय झालं, जाईल, असं तिने स्वतःला सांगितलं. डाग गेला नाही, रुंदावला. डॉक्टरकडे जायचं तिने तीनदा ठरवलं आणि तीनदा टाळलं. डॉक्टर काय म्हणेल ते तिला माहीत होतं, आणि ते कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

जुन्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून आरशातलं जग जसंच्या तसं दिसतं. त्याच्या मधोमध एक बारीक चौकोन असतो. तो माणसाच्या डोळ्यावर ठेवायचा, अर्धं बटण दाबायचं, फोकस पकडायचा. नेमका तोच चौकोन हिसानोच्या डागाखाली गेला होता. नव्या कॅमेऱ्यात आरसाच नव्हता. खिडकीत छोटासा पडदा होता, लख्ख उजेडाचा. समोर माणूस आला की कॅमेराच त्याचा डोळा हुडकी आणि त्याभोवती हिरवी चौकट काढी. चेहरा दिसला नाही तरी त्या हिरव्या चौकटीची कड तिला दिसायची. चौकट दिसली की दाबायचं. सेकंदाला पंधरा फोटो, आवाज नाही. पंधरांतला एक तरी हसरा निघतोच.

ऑक्टोबरात सहावीची हिरोशिमाची सहल तिने अशीच काढली. सगळे फोटो काचेसारखे स्वच्छ आले. चिहारू म्हणालीसुद्धा, "आई, एकही हललेला नाही!"

फेब्रुवारीत अल्बमची कच्ची प्रत शाळेतून घरोघरी गेली. चार दिवसांनी एक बाई दुकानात आली. अंगावर दवाखान्याच्या स्वयंपाकघराचा पांढरा कोट तसाच होता. तिने आधी वाकून नमस्कार केला, वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली, मग प्रत काउंटरवर ठेवली.

"मी सावा ओकुमुराची आई. मी तीन वेळा पाहिलं, कदाचित माझीच नजर चुकली असेल. सहलीच्या पानांवर माझी मुलगी कुठे आहे, तेवढं दाखवाल का?"

हिसानो पानांवर वाकली. तिला पान दिसत होतं, चेहरे दिसत नव्हते. ती बोटाने उगाच एकेका फोटोवरून जात राहिली.

"वर्गाच्या एकत्र फोटोत आहे," चिहारू मागून हळूच म्हणाली.

"तो आहे. सहलीचे बासष्ट आहेत. त्या बासष्टांत ती नाही." बाईचा आवाज चढला नाही. "सावा म्हणते, जाऊ दे आई, मी नव्हतेच तिथे असं समज. अकरा वर्षांची मुलगी असं म्हणते. म्हणून आले."

"मुलं एका जागी थांबत नाहीत हो," हिसानोच्या तोंडून गेलं. "ती तेव्हा इकडे तिकडे असेल."

बाईने प्रत उचलली. "असेल," ती म्हणाली, पुन्हा वाकली आणि गेली.

चिहारूने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि सहलीचे सगळे, चौदाशेच्या वर, फोटो एकेक करून पाहिले. सावा त्यांत होती, खूप ठिकाणी होती. पण दर वेळी पुढच्या कोणाच्या तरी खांद्याआड, धुरकट, नाहीतर कडेला अर्धी कापलेली. फोकस मात्र सगळ्यात पुढे उभ्या राहणाऱ्या त्याच सहा-सात मुलांवर.

"आई, तुम्हीच मला शिकवलंत ना," ती म्हणाली. "पुढची पोरं आपणहून फोटोत येतात, आपण मागच्यांकडे जायचं. यादी खिशात ठेवायचात तुम्ही. नावावर खूण करायचात."

"नव्या कॅमेऱ्याची खोड आहे ती. जो पुढे असेल त्याला धरतो."

"मग ते बंद करायचं. आपण निवडायचं. एका बटणाचं काम आहे!"

"मला नको शिकवूस," हिसानो म्हणाली आणि उठून आत गेली. पांघरुणात तिला झोप आली नाही. खिशातली यादी ती गेल्या वर्षापासून नेत नव्हती. ती वाचताच येत नव्हती.

पुढच्या रविवारी दुपारी गावच्या सार्वजनिक सभागृहात फोटो क्लबची बैठक होती. 'जुना डीएसएलआर की नवा मिररलेस?' यावर हिसानोने बोलायचं, हे महिन्यापूर्वीच ठरलेलं. टाळायची सोय नव्हती. क्लबचे अध्यक्ष नोसाका म्हणजे निवृत्त बोटमालक. तोंडाचा पट्टा सदा चालू. वीसेक म्हातारे चहाचे कप घेऊन बसले होते.

हिसानो बरं बोलली. नवा हलका आहे, अंधारात बघतो, मुका आहे, पण बॅटरी भसाभस खातो. जुन्याची बॅटरी दोन दिवस पुरते, मूठ हातात भक्कम बसते, आणि खिडकीतून जे दिसतं ते खरंखुरं दिसतं.

"ते सगळं कळलं," नोसाका मधेच म्हणाले. "पण आमच्यासारख्यांना पुरावा लागतो. माझाच फोटो काढा, दोन्हींनी. इथे मोठ्या टीव्हीवर लावा. बघू कोणात मी तरुण दिसतो!"

"त्यासाठी तिसराच कॅमेरा लागेल, नोसाका-सान," कोणीतरी म्हणालं आणि सभागृह हसलं.

नोसाका पुस्तकांच्या कपाटापुढे छाती काढून उभे राहिले. नव्या कॅमेऱ्याने हिसानोने सहज काढला. मग चिहारूने आपला जुना तिच्या हातात दिला. हिसानोने तो डोळ्याला लावला. बोटांना प्रत्येक कडा ओळखीची होती. आत मात्र नोसाकांचे कान होते, खांदे होते, दोन्ही बाजूंची पुस्तकं होती, आणि मधे राखाडी डाग. तिने कॅमेरा अंदाजाने जरा इकडे, जरा तिकडे केला आणि दाबलं. खटक्.

टीव्हीवर दोन फोटो शेजारी शेजारी आले. पहिल्यात नोसाकांच्या भुवईचा केस न् केस. दुसऱ्यात चेहरा लोण्यासारखा विरघळलेला, आणि मागच्या पुस्तकांची नावं मात्र वाचून घ्यावीत इतकी साफ.

"या कॅमेऱ्याला माझ्यापेक्षा वाचनाची आवड जास्त दिसते!" नोसाका म्हणाले. सगळे खो खो हसले. "संपला वाद. टाका ते जुनं भंगारात. अहो, सुनेला काय हे दिलंत?"

हिसानोसुद्धा हसली. सुटले, असं तिला वाटलं. आता नुसती मान डोलवायची.

चिहारू हसत नव्हती. तो कॅमेरा तिच्या हातात पाच वर्षं होता. दाणे येतात, आवाज होतो, पळणारी पोरं निसटतात, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण उजेडात स्थिर उभ्या माणसाचा फोकस त्याने कधी चुकवला नव्हता. "नोसाका-सान, एक मिनिट," ती म्हणाली. तिने तोच कॅमेरा, तीच लेन्स घेतली, सासू उभी होती तिथेच उभी राहिली आणि दाबलं.

टीव्हीवर नोसाकांचा चेहरा आला, सुरकुत्यांसकट, स्वच्छ.

"वा, सुनबाईंचा हात लागला!" कोणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. चिहारूने सासूकडे पाहिलं. हिसानो हसऱ्या तोंडाने टीव्हीकडे बघत होती, पण मान जरा तिरपी करून, जणू टीव्ही दोन हात पलीकडे आहे. ती हल्ली अशीच बघते, हे चिहारूच्या त्या क्षणी ध्यानात आलं.

बाहेर गाडीपाशी चिहारू ड्रायव्हरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आई, माझ्याकडे बघा. काय दिसतंय?"

"हे काय आता? थंडी वाजतेय, चल."

"माझा चेहरा दिसतोय का तुम्हाला?"

हिसानोने किल्ली मुठीत धरली. समुद्रावरून वारा येत होता. खोटं बोलावं असं मनात आलं.

"कान दिसतात," ती शेवटी म्हणाली. "केस उडताहेत ते दिसतं. गळ्यातला मफलर दिसतो. मधलं नाही दिसत."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"वर्ष!" चिहारूचा आवाज फाटला. "आणि गाडी? दर आठवड्याला किनाऱ्याच्या रस्त्याने तुम्ही मला शेजारी बसवून नेता. शाळेच्या फाटकातून पोरं पळत येत असतात. आई, पोरं!"

"रस्ता पाठ आहे मला."

"पोरं पाठ नाहीत!"

हिसानोने किल्ली पुढे केली. चिहारूने ती हिसकावूनच घेतली. घरी येईपर्यंत ती रडत गाडी चालवत होती आणि हिसानो शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "मला वाटलं, हे कळलं की शाळा काम काढून घेईल. तुझ्या हाती काय राहील? शुन्पेइ आला की त्याला काय सांगणार?"

"माझ्यासाठी केलंत असं म्हणू नका," चिहारू म्हणाली. "तेवढं तरी म्हणू नका."

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने चित्रं दाखवून समजावलं. नजरेच्या मध्यावर व्रण धरला होता, तो भाग परत येणार नव्हता. उरलेलं टिकवायला डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन. "पहिल्या दोन-तीन महिन्यांत आला असतात तर बरंच वाचलं असतं," ती म्हणाली. रागावली नाही. हिसानोला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी दोघी ओकुमुरांच्या घरी गेल्या. हिसानोने दारातच जमिनीला कपाळ टेकवलं. "तुमची मुलगी इकडे तिकडे नव्हती. ती तिथेच होती. मला दिसत नव्हतं, आणि ते मी लपवलं."

सावाची आई तिच्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "उठा. सांगितलंत, बरं झालं. पण हिरोशिमा काही पुन्हा होणार नाही."

सावा जिन्याच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. चिहारूने तिला विचारलं, अल्बम छापायला जायला अजून सहा दिवस आहेत, शाळेत तुझे फोटो काढू का.

"कुठल्या कॅमेऱ्याने?" सावाने विचारलं.

"तू सांगशील त्याने."

"आवाजवाल्या. पाचवीत आवाज आला की मी वर बघायचे. नव्याचं कळतच नाही, कधी काढला."

चिहारूने तिचे वर्गातल्या कासवाची काच घासताना चार फोटो काढले, जुन्या कॅमेऱ्याने. जरा दाणेदार आले. त्यांतला एक सहलीच्या पानांनंतर लागला. सहलीच्या पानांवर सावा नव्हती ती नव्हतीच.

हिसानोने मुख्याध्यापकांनाही सगळं सांगितलं. त्यांनी सहानुभूती दाखवली, आणि एप्रिलपासून शाळेचं काम मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओला गेलं. बालवाडीचं तेवढं चिहारूकडे राहिलं. आता दोन्ही कॅमेरे तिच्याकडे असतात. हिसानो काउंटरवर बसते, फोन घेते, आलेल्या माणसाला आवाजावरून ओळखते.

गाडीचा विषय त्या दोघींत पुन्हा निघाला नाही. पण बालवाडीच्या फाटकाशी गाडी हळू करताना चिहारूचा जबडा आवळला जातो. तो हिसानोला दिसत नाही. शेजारी बसून तिला फक्त एवढं कळतं, की सून बोलता बोलता गप्प झाली. मग तीही काही बोलत नाही.