चाळीस नंबरचा गोल

मार्लिस टेर्वोचा सोमवार म्हणजे यादीचा वार. सकाळी आठला टेबलावर कॉफी, वेलचीचा निसू पाव आणि तीन जाड वह्या मांडल्या, की मग साक्षात देव दारात आला असता तरी त्याला दुपारी या म्हणून सांगायला तिने कमी केलं नसतं. तिचा नवरा हे पुरतं ओळखून होता. सोमवारी तो उजाडताच गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघून जाई.

यादी कसली, तर कॉलेजात बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या, पण व्यावसायिक संघांनी आधीच निवडून ठेवलेल्या पोरांची. दर जूनमध्ये मोठे संघ एकत्र बसतात आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची नावं पाळीपाळीने उचलतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आता नाव उचललं म्हणजे नोकरी लागली, असं मुळीच नाही. पोरगं कॉलेजात खेळत राहतं, संघ लांबून बघत राहतो, आणि कॉलेज संपता संपता एक तर करार होतो, नाही तर सगळं मुकाट्याने विसरलं जातं. "साखरपुडा झालाय, तारीख नाही," असं मार्लिस म्हणायची. त्र्याण्णव सालच्या त्या फेब्रुवारीत अशी साखरपुडा झालेली दोनशे चौतीस पोरं देशभरच्या कॉलेजांत होती आणि प्रत्येकाचा गेल्या आठवड्याचा हिशोब तिच्या वहीत होता. कुणी किती गोल केले, कुणाचा खांदा निखळला, कुणाला कोचने बाकावर बसवलं, सगळं. तीस वर्षं पोस्टात पत्रं लावून निवृत्त झालेली बाई ती. तिला अक्षराच्या वळणावरून माणूस ओळखायची खोडच होती.

या दोनशे चौतिसांत टामरॅक कॉलेजचं नाव एकच, एमेट लुओमा. बचावपटू. चार वर्षांपूर्वी बाराव्या, म्हणजे अगदी शेवटच्या फेरीत पश्चिमेकडच्या एका संघाने त्याला उचललं, तेव्हा गावात दोन दिवस कुणी धड काम केलं नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्या संघाचे लोक यायचे बंद झाले. एमेटचा बाप गावाची बर्फ काढायची गाडी चालवायचा. करार झाला नाही तर उन्हाळ्यानंतर एमेटही त्याच गाडीवर बसणार, हे सगळ्यांना दिसत होतं. ते काम काही वाईट नव्हे. पण पोरगा त्यापेक्षा फार चांगला खेळायचा, आणि मार्लिसला ते सहन होत नव्हतं.

तर त्या सोमवारी ती लुओमाच्या नावापुढे शुक्रवारचा एक गोल आणि दुसऱ्यांच्या गोलांना दिलेले दोन पास लिहीत होती, तेवढ्यात फोन वाजला. डेनिस फोर्टिये. त्याच पश्चिमेकडच्या संघासाठी कॉलेजची पोरं बघणारा माणूस. तो तिची यादी टपालाने मागवायचा.

"मिसेस टेर्वो, फार वाईट वाटलं हो. गुडघा पुन्हा गेला ना?"

"कुणाचा? माझे दोन्ही जागेवर आहेत."

"लुओमाचा. शुक्रवारचं अधिकृत पत्रक आलंय फॅक्सवर. पहिल्या पिरियडनंतर तो बर्फावर उतरलेलाच नाही."

"काय बोलताय! शेवटचा भोंगा वाजेपर्यंत खेळला तो. एक गोल, दोन पास. मी काय डोळे मिटून बसले होते?"

"पत्रकात तो गोल चाळीस नंबरच्या नावावर आहे. पी. हार्विला."

मार्लिसला असं हसू फुटलं की कॉफी वहीवर सांडली. पॉल हार्विला हा टामरॅकचा तिसरा गोलकीपर. शुक्रवारी त्याची पाळीच नव्हती. तो तिच्या पुढच्याच रांगेत बसून मांस-बटाटा भरलेल्या करंजीसारख्या दोन पेस्ट्या एकामागून एक खात होता, आणि म्हणे त्याने गोल केला!

हसता हसता तिच्या लक्षात आलं काय घडलं ते. सामन्याच्या तीन पिरियडांपैकी पहिल्याच्या शेवटी कुणाची तरी काठी लुओमाच्या नाकावर बसली होती. कपड्यावर रक्त दिसलं की कपडा बदलायचा, असा हल्लीचा नियम. त्याची आठ नंबरची जर्सी रक्ताने माखली, म्हणून संघाच्या सामानवाल्याने पेटीतली जादाची, पाठीवर नाव नसलेली जर्सी त्याच्या अंगात घातली. ती निघाली चाळीस नंबरची. आणि त्या मोसमाच्या नोंदीत चाळीस नंबर होता हार्विलाचा.

फोर्टियेने ऐकून घेतलं. म्हणाला, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण वरच्यांचा फक्त कागदावर आहे. यंदा कॉलेजचा एकच बचावपटू घ्यायचाय, लुओमा नाही तर बोस्टनचा एक मुलगा. बुधवारी दुपारी बैठक. गुडघा पुन्हा गेला असं समजूनच ते बसणार. मला दुरुस्त पत्रक द्या, गुणलेखकाच्या सहीचं. नुसती यादी नाही चालायची."

"मिळेल," ती म्हणाली खरी. पण टामरॅकचा गुणलेखक होता ऑर्विल कांगस. तिचा सख्खा थोरला भाऊ. आणि ऑर्विलने चूक कबूल करणं म्हणजे मोठं तळं जुलैत गोठण्यासारखं होतं.

ऑर्विलचं खिळ्यामोळ्यांचं दुकान होतं. ती गेली तेव्हा तो गिऱ्हाइकाला मोजून बिजागऱ्या देत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत तिने धीर धरला, मग सगळं सांगितलं.

"रेफरी माझ्या काचेच्या खोक्यापाशी आला आणि म्हणाला चाळीस," ऑर्विल म्हणाला. "मी चाळीस लिहिलं. रेफरीने सांगितलेलं लिहायचं, मनाचं काही लिहायचं नाही. एकतीस वर्षं मी हेच करतोय. एक दुरुस्ती नाही."

"हार्विला पेस्टी खात होता, ऑर्विल!"

"त्याच्या पोटाची नोंद मी ठेवत नाही."

"अरे, पोराचं आयुष्य आहे ते."

"आणि माझी एकतीस वर्षं? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, तो गोल माझ्या भाच्याचा होता. तुला तरी कशावरून कळलं? हेल्मेट, तोंडावर जाळी. नंबर सोडून काय दिसतं तिथून?"

"मी नंबर बघतच नाही. चाल बघते."

"चाल बघते म्हणे! पोस्टात पाकीट हुंगून कुणाचं ते सांगायचीस, तसंच ना?"

"हुंगून नाही, अक्षरावरून. आणि एकदाही चुकले नाही, तुझं ते सुझनला पाठवलेलं गुलाबी पाकीट धरून."

ऑर्विलचे कान लाल झाले. सुझन गेली तीस वर्षं त्याची बायको होती, पण त्या पाकिटाचा विषय तो कुणाला काढू देत नसे. त्याने हातातल्या बिजागऱ्या फळीवर आपटल्या.

"बरं. उद्या दुपारी सराव आहे. सगळ्या पोरांना बिननंबरी पांढऱ्या जर्सीत उतरवतो. काठ्या एकमेकांच्या. तू वर बसायचं आणि एकेकाचं नाव सांगायचं. एक जरी चुकलं तरी पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

"आणि सगळी बरोबर आली तर?"

"तर बघू."

"बघू नाही. सही."

"सही," तो दातओठ खात म्हणाला.

टामरॅकसारख्या गावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. मंगळवारी तीन वाजता सरावाला रिंकमध्ये, बर्फाच्या त्या छपराखालच्या मैदानात, जिथे एरवी चिटपाखरू नसे, तिथे दीडशे माणसं जमली. पोस्टातले सगळे आले होते. लुओमाचा बाप बर्फाची गाडी दाराबाहेर तशीच चालू ठेवून आत उभा होता. ऑर्विल खोक्यात बसला, समोर सामानवाल्याने बंद पाकिटात दिलेली यादी, कोण कितव्या क्रमाने येणार याची. मार्लिस दहाव्या रांगेत बसली. खेळ बघताना ओळखणं वेगळं आणि परीक्षा म्हणून ओळखणं वेगळं. आपण उगाच मोठं बोलून बसलो, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

पहिला पोरगा आला. वळताना उजवा खांदा आधी टाकणारा. "क्रेग निस्कानेन." दुसरा, छोट्या छोट्या पावलांचा. "डग पेल्टो." तिसरा, चौथा, पाचवा. तिचा आवाज मोकळा होत गेला. सातव्याने मुद्दाम लंगडत फेरी मारली. "मॅकलिऑड," ती म्हणाली, "आणि त्याला सांगा, सोंग दोन्ही पायांनी करायचं नसतं." लोक खदखदून हसले. ऑर्विल मान न उचलता यादीवर खुणा करत होता.

चौदावा बर्फावर उतरला. डावा गुडघा किंचित आत, आणि प्रत्येक ढकलीच्या शेवटी बुटाखालच्या पात्याचा एक छोटासा जादाचा रेटा. शस्त्रक्रियेनंतर पोराने एकट्याने, रोज पहाटे, पुन्हा चालायला शिकल्यासारखी कमावलेली चाल होती ती. "एमेट लुओमा," ती म्हणाली.

एकवीस बरोबर. मग बावीसही. तेविसावा, शेवटचा, संथपणे फेरी मारून गेला. मार्लिस पुढे झुकली. "पुन्हा," ती म्हणाली. त्याने पुन्हा फेरी मारली. लुओमाच्या बापाने टोपी काढून हातात धरली.

"हा पोरगाच नाही," मार्लिस म्हणाली. "यातल्या कुणाचीच ही चाल नाही. एकोणसत्तर सालच्या संघात असे मागे झुकून वळायचे. हे कोच आहेत, आणि लग्नानंतर वीस पौंड तरी चढलेत."

तेविसाव्याने हेल्मेट काढलं. खरंच कोच! रिंकमध्ये जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. पोरं काठ्या बर्फावर बडवत सुटली, कोच पोटावर हात ठेवून वाकून मुजरा करू लागला, आणि पोस्टातल्या बायकांनी मार्लिसला जवळपास उचललंच.

ती खाली उतरून खोक्यापाशी गेली. ऑर्विलने दुरुस्तीचा कागद आधीच पुढ्यात घेतला होता, पण पेन टेकवलं नव्हतं.

"चौदावा गेला तेव्हा मी वर बघितलं," तो हळू आवाजात म्हणाला. "मार्लिस, मी पंधरा वर्षांत बर्फाकडे बघितलेलं नाही. नुसता कागद बघतो. वर बघितलं की ओरडावंसं वाटतं, आणि गुणलेखकाने ओरडायचं नसतं. म्हणून बघणंच सोडलं. शुक्रवारी मान वर केली असती तर मलाही कळलं असतं."

"तुला चाल कळते?"

"तुला कुणी शिकवली? वडिलांच्या तळ्यावर, तुझ्या शेजारी कोण उभं होतं?"

मार्लिसने कागद त्याच्या आणखी जवळ सरकवला. ऑर्विलने सही केली, नेहमीसारखी, तिरकी आणि ठसठशीत, आणि खाली तारीख घातली. कागद कॉलेजच्या कचेरीतून चार वाजून दहा मिनिटांनी फॅक्स झाला.

बुधवारी ती दिवसभर फोनपासून हलली नाही. नवऱ्याने केलेलं सूप गार झालं. पाचपर्यंत येईल असं वाटलेला फोन साडेपाचला वाजला.

"लुओमा," फोर्टिये एवढंच म्हणाला, आणि पलीकडे तो हसतोय हे तिला ऐकू आलं. "सही मोसम संपल्यावर, नाही तर कॉलेजातून खेळता यायचं नाही त्याला. पण ठरलं. तुम्हीच सांगता त्याला, की मी सांगू?"

"त्याच्या घरी तुम्ही सांगा," ती म्हणाली. "पोराला ते तुमच्या तोंडून ऐकू दे. मी इथे बसून रडते थोडी."

आणि ती खरंच रडली. मग उठून गार सूप प्यायली आणि नवऱ्याला म्हणाली की त्यात मीठ कमी आहे.

शनिवारी दुपारच्या सामन्याला रिंक तुडुंब भरलं होतं. दोन्ही संघ बर्फावर येऊन सराव करत होते. लुओमा आठ नंबरच्या धुतलेल्या जर्सीत मधल्या रेषेवर उभा होता. एवढ्यात ध्वनिक्षेपकात खरखर झाली आणि निवेदकाच्या ऐवजी भलताच आवाज आला, खिळे मोजताना येतो तसा कोरडा, सरळ. एकतीस वर्षांत त्या खोक्यातून कुणी ऑर्विल कांगसचा आवाज ऐकला नव्हता.

"लक्ष द्या. गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या नोंदीत चूक होती. चूक माझी होती." कागदाची सळसळ झाली. "दुरुस्ती पुढीलप्रमाणे. दुसरा पिरियड, सहा मिनिटं, चौदा सेकंद. टामरॅकचा गोल. करणारा, नंबर आठ, एमेट लुओमा."

आठ दिवसांपूर्वीच्या गोलाचं काय करायचं असतं? मग वरच्या रांगेत कुणीतरी उठलं, आणि बघता बघता दोन हजार माणसं उभी राहिली. असा जल्लोष झाला की छताच्या पत्र्यावरचा बर्फ बाहेर धप्पकन घसरला. पहिला पास वाचला गेला, तेव्हा पुन्हा. दुसरा पास, तेव्हा पुन्हा. प्रतिस्पर्धी संघाची पोरं बिचारी गोंधळून एकमेकांकडे बघत होती, कारण त्यांना वाटलं सामना सुरू झाला आणि आपल्याला कळलंच नाही.

लुओमाला कुठे बघावं कळेना. अखेर त्याने काठी वर उचलली, आधी बापाच्या दिशेने, मग दहाव्या रांगेच्या दिशेने. आणि मार्लिसने बघितलं की खोक्यात तिचा भाऊ कागद बाजूला सारून, उभा राहून, दोन्ही मुठी वर करून गुणलेखकाने कधीही ओरडू नये तसा बेंबीच्या देठापासून ओरडतो आहे.