जोतीरामच्या सुया

माझा धाकटा भाऊ जोतीराम पैलवान होता. पलूसजवळ आमचा ऊस होता. तो मी बघायचा आणि जोतीरामनं सांगलीच्या तालमीत मेहनत करायची, असं वडिलांच्या मागं ठरलं होतं.

चौऱ्याहत्तर साली जत्रेत तो चीत झाला. वस्ताद लालासाहेब मला म्हणाले, "गुंडा, डाव चांगला हाय पोराचा, अंग कमी पडतंय. एक कंपाउंडर वळखीचा हाय, ताकदीच्या सुया देतो."

दर आठवड्याला मीच त्याला सायकलवरनं घेऊन जायचो. बाटलीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. विचारलंही नाही.

वर्षात जोतीरामची मान रेड्यासारखी झाली. त्यानं सहा कुस्त्या मारल्या. तालमीतला कृष्णात म्हणाला, "गड्या, ह्याला सदरा शिवायचा का तंबू?" पूर्वी जोतीराम अशावर सगळ्यात आधी हसायचा. त्या दिवशी त्यानं कृष्णातला भिंतीवर आपटलं. घरी आला तेव्हा भाकरी गार म्हणून ताट भिरकावलं, बायकोला, विजयमालेला, मारलं आणि मग तिचेच पाय धरून रडला. पैलवानाचा राग, चालायचंच, असं आम्ही म्हणालो.

मग कंपाउंडर गाव सोडून गेला आणि सुया बंद झाल्या. दोन महिन्यांत जोतीरामचं अंग उतरलं. तो घरी येऊन गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून बसू लागला. "दादा, माझ्या आत कुनीच न्हाई," म्हणायचा. विजयमाला जवळ बसली तर चार घास खायचा. तिनं दंडावर हात ठेवला तरच त्याचा डोळा लागायचा.

लालासाहेब येऊन बघून गेले. अंगणात मला म्हणाले, "लंगोट ढिला झालाय ह्याचा. बायकूला म्हायेरी धाड. पोरगं तालमीत दे, चार म्हयन्यात उभं करतो."

पैलवानाची ताकद ब्रह्मचर्यात, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मला ते लगेच पटलं. जोतीरामला मी सांगलीला सोडलं आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघालो.

माझ्यासमोर कधी मान वर न करणारी विजयमाला एस.टी.च्या थांब्यावर म्हणाली, "भावजी, वरीस झालं, हे माझ्यापाशी आल्यालं न्हाईत. पन त्यास्नी एकटं ठिवू नका. परवा म्हनलं, मी नसलो तर रडू नगंस."

भावजयीच्या तोंडून नवराबायकोची गोष्ट ऐकून माझीच मान खाली गेली. त्या लाजेत तिचं पुढचं बोलणं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिचं माहेर साताऱ्याजवळ. वडील केरबा लष्कराच्या दवाखान्यात नोकरी करून आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सुया घेत हुता का?"

"व्हय. आता बंद हायत्या."

केरबांनी हातातली वाटी खाली ठेवली. "आमच्या पलटनीत एक पैलवान असाच हुता. सुया बंद झाल्या आन् गडी आतनं ढासळला. डाक्टरनं चोवीस तास मानूस बसवला हुता त्याच्यापाशी. तुमी ह्याला कुनापाशी ठिवलाय?"

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही तिघं सांगलीला गेलो. तालमीच्या दारात लालासाहेबांनी हात आडवा केला. "तांबड्या मातीत बाईमानूस चालत न्हाई."

"जोतीराम कुठं हाय?" मी विचारलं.

"पहाटं गेला नदीला. यील की अंगूळ करून."

विजयमाला पुढं काही न ऐकता नदीकडं पळाली. दुपारी कोळ्यांनी त्याला पाण्यातनं काढलं.

तिसऱ्या दिवशी माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "बायकूनं खाल्ला पैलवान." दोघातिघांनी मान डोलावली. मी उभा राहिलो. सुया सांगितल्या, सायकल सांगितली, हिला घरातनं मीच काढली, हे सांगितलं.

"गुंडा," लालासाहेब म्हणाले, "दुक्कात मानूस काय बी बोलतो. बस खाली." आणि मला धरून बसवलं. औषधानं कुठं माणूस मरतो का, असं म्हणत लोक उठून गेले.

विजयमाला वडिलांबरोबर जायला निघाली. हातात तिची एक पिशवी. ती पायरीवर थांबली.

"भावजी, तालमीत सोडताना त्यांनी माझं काय इचारलं हुतं का हो?"

त्यानं विचारलं होतं. तालमीच्या दारात माझा हात धरून विचारलं होतं, "ती कवा यील?" आणि त्यानं तिचा नाद सोडावा म्हणून मी म्हणालो होतो, "तिलाच जायाचं हाय म्हायेरी. कट्टाळली ती." त्यानं हात सोडला होता.

सगळ्यांसमोर मी सगळं बोललो होतो, तेवढं सोडून.

"इचारलं हुतं, पोरी," मी म्हणालो. "यील म्हून सांगितलं."

तिनं डोळे पुसले, वाकून मला नमस्कार केला आणि गेली.