नवरा मान्य करत नाही

मी एक रिसीव्हर. अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या एका तळघरात, लाकडी कपाटाच्या मधल्या फळीवरून बोलतोय. वजन बारा किलो, पाठीला एकतीस भोकं, आणि माझ्यावर एक आरोप आहे.

माझं काम पोस्टातल्या माणसासारखं. टीव्हीवर सिनेमा चालू असतो, खोलीत सात स्पीकर बसलेले असतात, आणि कोणता आवाज कुणाकडे धाडायचा हे मी ठरवतो. दार आपटलं की उजवीकडे. पाऊस मागे. माणसांचं बोलणं मधोमध. स्वतः मात्र काही बोलायचं नाही, हा आमच्या जातीचा नियम. आरोप नेमका तोच आहे, की मी स्वतःचं काहीतरी बोलतो.

माझा जन्म मलेशियातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझं झाकण आठ स्क्रूंनी बंद केलं, एक बटण दाबलं, हिरवा दिवा लागल्याचं पाहिलं आणि मला पुढे ढकललं. दिवा सगळ्यांनी पाहिला. कान कुणीच लावला नाही.

पुढे डुलुथच्या टेकडीवरच्या एका दुकानात काही महिने मी फळीवर होतो. माणसं रिसीव्हर कसा निवडतात, हे तिथे पाहिलं. आधी ती आम्हाला उलटं करतात आणि भोकं मोजतात. नऊ तारा जोडायच्या असल्या तरी एकतीस भोकं हवीत. मग वॉट विचारतात. घरी आवाजाचं बटण जन्मात अर्ध्यापुढे गेलेलं नसतं, पण वॉट शेजाऱ्यापेक्षा जास्त हवेत. शेवटी पुढचा भाग काळा आहे ना, एवढं बघून घेऊन जातात.

लॉवेल हाउगेन फाइल घेऊन आला होता. चौतीस वर्षं त्याने बंदरावर जहाजांत लोहखनिज भरलं, आणि कान तिथेच ठेवून आला. फाइलमध्ये नऊ रिसीव्हरांचा तक्ता होता, सोळा रकाने, प्रत्येकाला गुण. सोबत त्याची बायको आर्डिस. तिने सत्तावीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलेलं. शांतता राखणं हीच तिची नोकरी होती.

रिसीव्हर हवा होता तो तिच्यासाठीच. लॉवेलला सिनेमातलं बोलणं कळेनासं झालं होतं, आणि अकरा वर्षं प्रत्येक वाक्य ती त्याला पुन्हा सांगत होती.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, खून मी केला नाही."

"कोणी केला नाही?"

"त्याने. आणि आता म्हणाला की मीच केला. तू विचारत होतास तेव्हा म्हणाला."

गुण मोजायचे लॉवेलने, निकाल द्यायचा आर्डिसने, अशी त्यांची पद्धत. तिची परीक्षा साधी होती. घरी आणायचं, सगळं जोडायचं, चालू करायचं आणि काहीही लावायचं नाही. मग हात मांडीवर ठेवून ऐकत बसायचं. माझ्याआधी चारजण या परीक्षेत नापास होऊन परत गेले होते. मी पाचवा.

"हा गुणगुणतोय," पहिल्याच दिवशी ती म्हणाली.

"फ्रीज असेल."

"फ्रीज वर आहे."

"मग हीटर."

"हीटर बंद केलाय मी."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला जेवायला बोलावलेलं ऐकू येत नाही, लॉवेल."

हा वाद अठ्ठावीस दिवस चालला. नाश्त्याला, गाडीत, चर्चच्या दारात. माझं म्हणाल तर मी मनातून लॉवेलच्या बाजूचा होतो. एक बारीक 'हूं' मलाही ऐकू यायचा, पण तो मी कारखान्यातही ऐकला होता आणि बोटीवरही. मला वाटायचं, जगच तसं वाजतं.

तीस दिवसांच्या आत वस्तू परत घेतात. अठ्ठाविसाव्या दिवशी मी पुन्हा दुकानात, परतीच्या खिडकीवर. तिथल्या डार्लाबाई आर्डिसला चांगल्या ओळखत. फॉर्मवर परतीचं कारण लिहायला दोन ओळी होत्या. आर्डिसने गोल, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गुणगुणतो. नवरा मान्य करत नाही.'

मागे लॉवेल हाताची घडी घालून उभा होता. "दुसरं वाक्य कशाला लिहायचं?"

"दोन ओळी दिल्यात त्यांनी."

डार्लाबाईंनी ती चिठ्ठी पारदर्शक टेपने माझ्या झाकणावर चिकटवली आणि मला उघडलेल्या खोक्यांच्या फळीवर ठेवलं. त्या फळीवर भोकं मोजायलाही कुणी येत नाही.

दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबरात आर्डिस गेली. सकाळी कॉफी करताना, कप हातात असताना. फळीवरच्या वस्तूंना असं काही कुणी कळवत नाही. एके दिवशी डार्लाबाई काळा कोट घालून दुपारी उशिरा आल्या, हातात, दुःखाच्या घरी नेतात त्या बटाट्याच्या हॉटडिशचं धुतलेलं भांडं होतं. त्या कुणाशी तरी हळू बोलल्या, तेव्हा मला कळलं.

जानेवारीत लॉवेल आला. तीच फाइल. तक्त्यात सतरावा रकाना आखलेला होता, 'गुणगुणतो का?', आणि तो वरपासून खालपर्यंत कोरा होता. डार्लाबाई एकेक रिसीव्हर चालू करायच्या, तो वाकून कान लावायचा, सरळ व्हायचा आणि म्हणायचा, "सांगता येत नाही." तीन शनिवार असे गेले. तिसऱ्या शनिवारी तो आमच्या फळीपाशी आला आणि माझ्या झाकणावरची चिठ्ठी त्याने वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हा द्या."

"लॉवेल, हा तर तिने परत केलेला."

"वाचलं मी."

"मग दुसरा घ्या ना एखादा. याच्यावर लिहिलंय की, काय ते."

"त्याच्यावर असं लिहिलंय, की मी मान्य करत नाही. मी अजूनही करत नाही."

डार्लाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "तीस दिवस आहेत," त्या म्हणाल्या.

त्याने मला गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा लावला. त्या सीटवर वजन पडलं आणि पट्टा नसला की गाडी ओरडते. कारण एवढंच असावं, असं मी धरून चाललो.

त्याची अडचण मला वाटेतच समजली. मी गुणगुणत असेन, तर आर्डिसचं खरं होतं आणि त्याने शेवटचा महिना उगाच वाद घातला. गुणगुणत नसेन, तर त्याचं खरं, पण ते सांगायचं कुणाला. तरी त्याला निकाल हवा होता. रोज दुपारी तो मला चालू करायचा, काही न लावता समोर बसायचा, आणि रकाना कोराच राहायचा.

तिसावा दिवस रविवार होता. चर्चहून परतताना त्याने दोन साक्षीदार आणले: आर्डिसची बहीण लव्हॉन आणि शेजारचा गॉर्डी, जो बंदरावर त्याच्यासोबत होता. दुकान सहाला बंद होणार होतं. बाहेर शून्याखाली चोवीस. लॉवेलने हीटर बंद केला. वरचा फ्रीज, मासे ठेवायचा मोठा फ्रीझर, पाण्याचा पंप, सगळं बंद केलं. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. मग तिघंही जाड कोट आणि कानटोप्या घालून कोचावर ओळीने बसली.

"कोट वाजतोय तुझा," लव्हॉन म्हणाली.

"श्वास घेतोय मी," गॉर्डी म्हणाला.

"मग जरा कमी घे."

"आणि कानटोप्या काढा," लॉवेल म्हणाला. "ऐकायला बसलोय आपण."

त्यांनी टोप्या काढल्या. मीही स्वतःला आवरून धरलं. आणि घर इतकं गप्प झाल्यावर मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आलं. माझ्या पोटात तांब्याच्या तारेची एक जाड गुंडाळी आहे. आवाज तिथून येत होता. जग वाजत नव्हतं. मी वाजत होतो.

"गुणगुणतोय," लव्हॉन म्हणाली.

"तू तिची बहीण. तुझं मत धरता येणार नाही. गॉर्डी?"

"मला काही येत नाही बुवा ऐकू."

"तुम्ही दोघं बहिरे मिळून एक धड कान होत नाही," लव्हॉन म्हणाली. "माझे पाय गेलेत, लॉवेल. काय तो निकाल लाव."

गॉर्डीने नाक पुसलं. "इंजिनात काय वाजतंय ते कळलं नाही की मी लाकडी दांडा लावतो. एक टोक इंजिनाला, एक दातांत. कान गेले तरी हाडांना कळतं. काही लाकडी आहे का घरात?"

लॉवेल वर गेला आणि आर्डिसचा लाकडी डाव घेऊन आला. एका बाजूने करपलेला, दांड्यावर तिच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला, डावाचं टोक माझ्या झाकणावर टेकवलं आणि दांडा दातांत धरला. सहा फूट दोन इंचांचा माणूस, तोंडात डाव, नाकातून वाफ. गॉर्डी हसायच्या बेतात होता. लव्हॉनने त्याला कोपर मारलं.

लॉवेल हलेना.

"लॉवेल?" लव्हॉन म्हणाली.

त्याने हात वर करून तिला थांबवलं. बऱ्याच वेळाने डाव तोंडातून काढला.

"आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"गुणगुणतो."

लव्हॉन कोचावरून उठली, खोकं पुढे ओढलं. "सहाला बंद होतं दुकान. बांधायला घेऊ का याला?"

"थांब जरा." त्याने डाव पुन्हा दातांशी नेला, आणि मग काढून म्हणाला, "तिने अठ्ठावीस दिवस ऐकलं. मला दोन मिनिटं ऐकू दे."

दोन मिनिटांची वीस झाली. साडेपाचला लव्हॉनने न विचारता हीटर चालू केला. लॉवेलने तिच्याकडे पेन मागितलं. थंडीने ते उठेना, म्हणून तोंडाशी धरून फुंकर घातली, आणि माझ्या झाकणावरच्या चिठ्ठीत, तिच्या वाक्याखाली उरलेल्या जागेत एक शब्द लिहिला: 'करतो.'

सहा वाजून गेले तेव्हा गॉर्डी घड्याळात सेल घालत होता.

आता मी इथेच असतो. सिनेमातलं बोलणं मधोमध, स्वच्छ पोचवतो. पण त्याआधी रोज थोडा वेळ लॉवेल काही न लावता मला चालू ठेवतो, आणि डाव माझ्या झाकणावरच पडलेला असतो. आरोप सिद्ध झाला आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कधी हे घर रिकामं झालं आणि मी कुणाच्या अंगणातल्या विक्रीच्या टेबलावर दिसलो, तर भोकं खुशाल मोजा, वॉटही विचारा. माझं झाकण पुसायचं झालं तर पुसा. फक्त ती चिठ्ठी सोलू नका. तिच्यावर दोघांचं अक्षर आहे.