न लागणारी नाडी

गुडघ्याची वाटी कुठे संपते आणि नडगी कुठे सुरू होते, हे रोहिणी डोळे मिटून बोटाने दाखवायची. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला मुली एकमेकींच्या पायांवर स्केचपेनने खुणा करून शिकतात. रोहिणीचे पाय झेंडूच्या मळ्यात भेगाळलेले, ते पुढे करायला ती लाजायची. वर्गातल्या सायलीने नाक न मुरडता ते मांडीवर घेतले आणि त्या दिवसापासून ही वेडी तिच्यावर जीव टाकायला लागली. सहा महिने सायलीच्या गंगापूर रोडच्या घरी दोघींचा हाच उद्योग चालला.

चुरसही दोघींतच होती. शरीररचनेत पहिली येणाऱ्या मुलीला पुण्याला खेळाडूंच्या शिबिरात पाठवणार होते. रोहिणीचा सगळा जीव त्या शिबिरात अडकला होता, आणि हे सायलीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

प्रॅक्टिकलला जोडी अर्थातच या दोघींची. सायली टेबलावर बसली आणि तिने डावा पाय पुढे केला. सरावाला ती नेहमी उजवा द्यायची, पण रोहिणीला त्यात वावगं वाटलं नाही. वाटी, तिच्याखालचा उंचवटा, नडगीलगतचा स्नायू, सगळं तिने बिनचूक आखलं. मग परीक्षक मॅडमनी पावलावरची नाडी शोधायला सांगितली.

नाडी लागेना. बोट इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं, हलकं केलं, दाबलं. मॅडम टेबलावर पेन वाजवत होत्या. शेवटी घाबरून रोहिणीने पुस्तकातल्या जागी ठिपका दिला आणि लागली म्हणाली.

मॅडमनी स्वतः बोट ठेवून पाहिलं, मग सायलीकडे बघितलं.

"या पायाला ती नाडी जन्मापासूनच लागत नाही, मॅडम," सायली म्हणाली. "काही जणांची नाही लागत. हिला माहीत आहे."

"तू मला कधीच नाय सांगितलं." रोहिणीची जीभ एकदम गावाकडे गेली.

"माहीत नव्हतं, तर लागली कसं म्हणालीस?" मॅडमनी विचारलं.

नाडीच्या प्रश्नापुढे शून्य पडलं आणि शिबिर गेलं. केसाने गळा कापणं रोहिणीने नुसतं ऐकलं होतं, आज मानेवर कळलं.

मग जागा बदलल्या. पाय आखडून घ्यावा, नाहीतर सरळ लाथ घालावी, असं रोहिणीला खरंच वाटलं. पण तिने पाय पुढे केला. सायलीने वर न बघता नेमक्या जागी दोन बोटं टेकवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत मोजलं.

"एकशे बावीस, मॅडम. जरा जलद आहे."

मॅडमनी पडताळून पाहिलं. अगदी बरोबर होतं.