भरलेली बाटली

राखीला मी मंठ्याला भावाकडे गेले, तेव्हा दार उघडणाऱ्या शालूने, म्हणजे माझ्या भावजयीने, आधी तोंडावर बोट ठेवलं. मला वाटलं घरात कोणी आजारी आहे, नाहीतर कोणाची वाईट बातमी आलीय. तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि कुजबुजत म्हणाली, "अक्का, काही झालं न्हाई. प्रिया बाहेर बसलीय. तिच्यासमोर मराठी बोलायचं न्हाई, शाळेनं सांगितलंय."

मला राग लवकर येतो, हे सासरी-माहेरी दोन्हीकडे ठाऊक आहे. पण तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, मग मी काय मुक्यानं राखी बांधू? शालू हसली नाही. पूर्वी हीच शालू बोलायला लागली की शेजारीपाजारी कामं टाकून ऐकत बसायचे, आणि तिच्या बडबडीवरच खूश होऊन आमच्या आईनं तिला सून करून घेतलं होतं.

बाहेर प्रिया टीव्हीसमोर बसली होती. दुसरीतली पोर. मला बघून उठली, धावत येता येता मध्येच थांबली आणि "गुड मॉर्निंग, आत्या" म्हणाली. दुपारचे चार वाजले होते. मी तिला पोटाशी धरलं तर अंग कोमट लागलं. प्रवासातून आल्यामुळे माझेच हात थंड असतील असं मला वाटलं.

संध्याकाळपर्यंत मी त्या घराची रीत बघितली. शालूला इंग्रजीचे येऊन येऊन किती शब्द यावेत? कम. सिट. ईट. बाथ. स्लीप. एवढ्यावर ती पोरीचा दिवस काढत होती. बाकी सगळं हातवारे करून. भूक लागली का, शाळेत काय झालं, कोणाशी भांडलीस, हे विचारायला तिच्याकडे शब्दच नव्हते, म्हणून ती विचारतच नव्हती. आमच्या वडिलांनी रानात बैलांशी याहून जास्त गप्पा मारल्या असतील. आणि तेच वडील रखमाजी आणि आई साळूबाई, आमचे म्हातारा-म्हातारी, वर्षभरापूर्वीपर्यंत याच घरात राहत होते. आईचं तोंड काही बंद होईना म्हणून भागवतने दोघांना गावाकडे पोचवलं. तिला खरं कारण सांगितलं नाही, गावाकडची हवा तिला मानवते असं सांगितलं. ती बिचारी अजून सगळ्यांना तेच सांगते.

भागवत माझा धाकटा भाऊ. त्याचं मंठ्यात कृषी सेवा केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, औषधं. धंद्यात सरळ माणूस. सोयाबीनची पिशवी न्यायला आलेल्या प्रत्येकाला तो बजावतो, पाकिटावरच्या चित्राला भुलू नका, घरी नेऊन आधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, किती उगवतात ते बघा, मगच पेरा. अर्धा तालुका त्याचं ऐकतो. आणि हाच माणूस पोरीची शाळा निवडताना फरशी बघून आला.

नावात इंटरनॅशनल असलेली ती शाळा गावाबाहेर सोयाबीनच्या रानात उभी आहे. तिथे त्याला भिंतीएवढा स्क्रीन दाखवला, पिवळ्या बस दाखवल्या आणि वर्गात कॅमेरा असून घरबसल्या मोबाइलवर पोरगी दिसेल असं सांगितलं. संचालकांनी त्याला भागवतसाहेब म्हटलं, चहा पाजला, पुढे पालक समितीत घेतलं. नुकतंच पंधरा ऑगस्टला त्याला स्टेजवर बसवून शाल घातली होती. रात्री जेवताना त्याने मला तो फोटो दाखवला. मी विचारलं, तिथल्या कोणा पोराला चार ओळी वाचायला लावून बघितल्या होत्यास का? तो म्हणाला, "अक्का, आपल्याला त्यातलं काय कळतंय? ते शिकलेले लोक हायेत. ते सांगतील तसं बराबर करायचं." पहिल्याच पालकसभेत प्रिन्सिपल बाई म्हणाल्या होत्या, घरातसुद्धा इंग्लिशच बोला, मराठी कानावर पडली की पोर मागे जातं. बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या असतील आणि घरी जाऊन पोरांना मराठीतच हाका मारल्या असतील. आमच्या भावाने ते औषधाच्या डब्यावरचं प्रमाण पाळावं तसं पाळलं.

सकाळी राखी बांधली. ओवाळताना मी मोठ्यानं मराठीत बोलले, सणाच्या दिवशी तरी कोणी मला अडवलं नाही. मग सगळ्यांना सरबत दिलं. प्रियाने पेला ओठाला लावला आणि कोणाचं लक्ष नाही बघून तुळशीत ओतला. मी ते बघितलं. थोड्या वेळाने न्हाणीघरातून बारीक रडण्याचा आवाज आला. दार नुसतं लोटलेलं होतं. पोर दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. लघवी होत नव्हती, झाली तर आग होत होती. अंग आता चांगलंच तापलं होतं.

मी गरम पाणी काढलं, तिला समोर बसवलं, हळूहळू पोटावर पाणी सोडत राहिले. विचारलं, कधीपासून दुखतंय राणी? तिने आधी दाराकडे बघितलं. मग चोरून गूळ खाताना बोलावं तशी, हलक्या आवाजात, मराठीत बोलायला लागली.

वर्गात बाहेर जायचं असेल तर उभं राहून अख्खं वाक्य इंग्रजीत म्हणावं लागतं. वाक्य तिला येत होतं. पण त्या दिवशी घाई झाली होती आणि सगळे बघत होते, म्हणून ते अर्ध्यातच अडकलं. टीचर म्हणाली, नीट म्हण, मग जा. पोरं हसायला लागली. तिने पुन्हा म्हणायला घेतलं, पुन्हा अडकलं, आणि तेवढ्यात उभ्या उभ्याच सू झाली. बाक ओला होईल म्हणून मग तिला शाळा सुटेपर्यंत पुढं फळ्याशेजारच्या भिंतीपाशी उभं केलं. स्कर्ट अंगावरच वाळला.

"मंग मी पाणीच बंद केलं," ती म्हणाली. "पाणी न्हाई पिलं की सू येतच न्हाई, आत्या."

गणित सुटल्यासारखं तिने मला हे सांगितलं. मी विचारलं, "मम्मीला कामून न्हाई सांगितलं?"

"मला ते इंग्लिशमधी येत न्हाई."

दाराबाहेर शालू उभी होती. ती कधी आली कोणास ठाऊक. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. बाटली रोज भरलेलीच परत येत होती, ती म्हणाली. तिने ते बघितलंही होतं. शाळेतच चांगलं पाणी मिळत असेल असं तिला वाटलं. पोरीला विचारावं कसं ते सुचलं नाही. आणि तो दिवस तिला आठवत होता, कारण भागवतने दुकानातून मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, मोबाइल बघ, आपली प्रिया पुढं उभी राहून पोएम म्हणून राह्यली. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. नवरा-बायको दोघांनी आपापल्या जागी कौतुकानं बघितलं.

दुपारी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी लघवी तपासली, औषध दिलं, आणि शालूलाच झापलं. पोरगी पाणी पीत नाही आणि घरात कोणाच्या लक्षात येत नाही म्हणजे काय? असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल, हेही स्पष्ट सांगितलं. भागवत ऐकत होता. घरी येईपर्यंत त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, "उद्याच जातो. बाईला उभं-आडवं घेतो. दाखला काढून आणतो, बिलकुल ठेवत न्हाई." त्या संध्याकाळी घरात मराठीचा बांध फुटला होता. शालू पोरीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत होती, पोर तिला मध्ये मध्ये अडवून प्रश्न विचारत होती, आणि पाणीही प्याली.

ताप उतरल्यावर आम्ही शाळेत गेलो, भागवत, प्रिया आणि मी. शालू आली नाही. तिथं आपल्याला बोलता येत न्हाई, म्हणाली. गेटवरच्या वॉचमनने मला अडवलं होतं, पण भागवतला बघून सोडलं. केबिन गार होतं. प्रिन्सिपल बाई उठून उभ्या राहिल्या, या भागवतसाहेब म्हणाल्या, माझ्याशी आमच्यापेक्षा स्वच्छ मराठीत बोलल्या. घरी सिंहासारखा बोलणारा माझा भाऊ खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याने सांगायला सुरुवात केली, "मॅडम, म्हणजे काय, पोरीला जरा त्रास झालता." पुढे त्याला काही सुचेना. म्हणून मी सांगितलं, सगळं, भिंतीपाशी उभं केल्यासकट.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं असंही म्हणाल्या. टीचरला बोलावून घेतलं. ती वीस-बावीस वर्षांची पोरगीच होती, तिने असं काही घडलंच नाही म्हणून मान हलवली. मग बाई म्हणाल्या, लहान मुलं कधी कधी मनाचं सांगतात, आपण प्रियालाच विचारू. आणि तिच्याकडे वळून, गोड हसून, इंग्रजीत म्हणाल्या, "येस प्रिया, टेल मी. व्हॉट हॅपन्ड?"

प्रिया एकदा टीचरकडे बघायची, एकदा बापाकडे. मी म्हटलं, "मराठीत सांग राणी, मला सांगितलंस तसं." बाई माझ्याकडे बघून तितक्याच गोडीनं म्हणाल्या, की इथे मुलांसमोर नियम मोडलेला चालत नाही, शिस्त सगळ्यांना सारखी. मी भागवतकडे बघितलं. म्हटलं आता हा बोलेल, आता टेबलावर हात आपटेल. तो पुढे वाकला. पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाला, "प्रिया, इंग्लिश. स्पीक."

सगळे वाट बघत होते. पोरीने हात मागे बांधले, मान वर केली.

"आय अॅम फाइन, मॅम. थँक यू, मॅम."

"व्हेरी गुड," बाई म्हणाल्या. टीचरनेही श्वास सोडला. मी बोलायला तोंड उघडलं तर भागवतने माझा हात दाबला. बाईंनी त्याला पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाबद्दल विचारलं, समितीकडून त्यानेच आभार मानावेत असं सुचवलं. दाखल्याचा विषय निघालाच नाही, प्रियाला दप्तरासकट वर्गाकडे पाठवलं. उठताना माझ्या भावाने हात जोडले आणि त्यानेही थँक यू म्हटलं.

बाहेर आल्यावर मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. वॉचमनसुद्धा दुसरीकडे बघायला लागला. भागवतने मोटरसायकलला किक मारली, तोंड माझ्याकडे न करता म्हणाला, "पण अक्का, बघितलं का, किती फाडफाड बोलली." त्याच्या आवाजात कौतुक होतं. मला त्याची किळस आली, आणि माझा स्वतःचा भाऊ म्हणून वाईटही वाटलं.

तेवढ्यात गेटच्या जाळीतून मला प्रिया दिसली. वर्गाच्या पायऱ्यांपाशी ती एकटी होती. आता शालू रोज बाटली तपासणार, हे डॉक्टरकडून आल्यावरच तिच्या कानावर घातलेलं होतं. तिने दप्तरातून बाटली काढली, झाकण उघडलं आणि कडेच्या झाडाच्या बुंध्याशी सगळं पाणी ओतून टाकलं. शेवटचा थेंबही झटकला. मग बाटली दप्तरात ठेवून वर्गात गेली. मी जाळी धरून हाक मारली, ती ऐकू गेली नाही. भागवतला सांगितलं तर म्हणाला, ताजं भरून घ्यायचं असंल.

त्याच दिवशी मी जालन्याची बस धरली. तिथे थांबले असते तर तोंडातून आणखी काही गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात शालूचा फोन आला. आवाज हलका होता, पण खुशीत होती. म्हणाली, "अक्का, औषध लागू पडलं बघा. बाटली आता रोज रिकामी येऊन राह्यली." मी म्हटलं, शालू, ती बाटली ती शाळेत झाडाला ओतते, मी या डोळ्यांनी बघितलंय, तिच्याशी बोल, आजच्या आज बोल, मराठीत बोल.

तिकडे शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. मग शालू आणखी हलक्या आवाजात म्हणाली, "अक्का, प्रिया आली शाळेतून. हे बी घरीच हायेत. मंग बोलते."

फोन बंद करायचा ती विसरली असावी. दप्तर टेकल्याचा आवाज मला ऐकू आला. मग शालूचा आवाज आला, मोठा आणि घाबरलेला.

"कम, प्रिया. सिट. ईट."